चर्चच्या तरुण संघाचा लीडर असताना लग्नात बिअर घेतली तर ती माझी वैयक्तिक बाब नाही का?

तुझा प्रश्न वाचला. मित्राच्या लग्नात एक बिअर घेतली, कोणीतरी फोटो स्टेटसला टाकला, पाळकसाहेबांनी बोलावून सुनावलं की तू लीडर आहेस, तुझ्यामुळे इतरांना अडखळण होतं, म्हणजे तुला बघून त्यांचा पाय घसरतो, आणि तू विचारतोयस की माझ्या कृत्यांचा हिशोब मी देवाला देईन, मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, मध्ये का पडावं. अरे-तुरे करतेय त्याचा राग मानू नकोस, तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील. मी नगरकडची, आमच्या मंडळीत बरीच वर्षं संडे स्कूल घेते, त्यामुळे असली प्रकरणं पाहण्यात आलीयत.

हिशोबाचं तू म्हणतोस ते चूक नाहीच, बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौलाने तेच लिहिलंय की प्रत्येकजण आपापला हिशोब देवाला देईल. पण लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की भावाच्या वाटेत अडखळण ठेवायचं नाही असं ठरवा. म्हणजे हिशोब स्वतःचाच, पण त्या हिशोबात भावाचीही एक ओळ आहे, आणि तू नेमकी तीच सोडून वाचतोयस.

आता पाळकांच्या बाजूचं. अडखळण हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. मुलीने जीन्स घातली अडखळण, कोणी सिनेमाला गेलं अडखळण. पौलाच्या काळी करिंथ शहरातल्या मंडळीत वाद होता तो मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा, आणि पौल तिथे स्पष्ट म्हणतो की खाल्ल्याने आपलं काही वाढत नाही आणि न खाल्ल्याने काही कमी होत नाही. पण ज्याचं मन अजून कच्चं आहे असा एखादा भाऊ तुला बघून आपल्या मनाविरुद्ध खायला लागला तर त्याचा नाश होतो, मग मी मांस खाणारच नाही, असं तो म्हणतो. पौल जपत होता त्या कच्च्या भावाला, चार लोक काय म्हणतील याला नाही. मंडळीतल्या ज्या काकू फोटो बघून नाक मुरडतात त्या काही तुझ्यामुळे उद्या बिअर प्यायला लागणार नाहीत, त्यांची काळजी सोड.

काळजी कोणाची करायची ते सांगते. आमच्या तरुण संघात एक पोरगा आहे, बापाचा अर्धा पगार दारूत जातो. पोरगा गिटार वाजवणाऱ्या दादाच्या मागेमागे असतो, त्याच्यासारखे केस, त्याच्यासारखी बाही दुमडणं, प्रार्थनेत शब्दसुद्धा त्याचेच. त्याची आई मला म्हणाली, बाई, तो त्या दादाबरोबर असला की मला घोर नसतो. आता त्या दादाने ग्लास हातात घेतला तर पाप झालं की नाही यावर आपण तासभर वाद घालू, पण त्या पोराला मात्र दोन मिनिटांत उत्तर मिळालेलं असेल की दादा घेतो म्हणजे चालतं. तुझ्या संघात असा कोण आहे ते तुलाच माहीत असणार. असेल तर त्याच्यासाठी सोड. कोणीच नसेल तर मग पाळकांशी मोकळेपणाने बोल, मला त्यात एवढं आभाळ कोसळलेलं दिसत नाही.

आणि चांगलं उदाहरण म्हणजे फक्त काय प्यायलो नाही एवढंच आपण धरून बसलोय ह्याचा मला जास्त वैताग येतो. आमचे खजिनदार उपासनेनंतर दान कधी एकटे मोजत नाहीत, दुसरा कोणी शेजारी बसेपर्यंत पेटी उघडतच नाहीत, मग रजिस्टरवर दोघांच्या सह्या. खडू आणले चाळीस रुपयांचे तरी पावती चिकटवतात, पोरं हसतात त्यांना. पण तीच पोरं नाताळच्या कार्यक्रमाची वर्गणी गोळा करायला लागली तेव्हा न सांगता वहीत एकेक रुपया लिहून ठेवत होती. ह्यावर कोणी कधी प्रवचन केलेलं नव्हतं.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू एकीकडे म्हणतो तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, आणि थोडं पुढे लगेच म्हणतो लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. माझ्या मते फरक एवढाच की बघणाऱ्याने शेवटी स्वर्गातल्या पित्याचं नाव घेतलं की तुझं.

जबरदस्तीने उदाहरण घालून देता येत नाही हेही खरं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत, नवऱ्याकडे राहायला आल्यावरसुद्धा सोवळंओवळं आणि स्वयंपाक वेगळाच. जातपात माणसांनी केलेली आहे हे त्यांना पुढे स्वतःचं स्वतःला पटलं, मग त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या आणि बाप्तिस्माही काही वर्षांनी त्यांनी आपल्या मनानेच घेतला. त्यांनी हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय. पाळकसाहेबांना हे ऐकवलंस तरी चालेल, नम्रपणे.

फक्त त्यांच्यासमोर वसईच्या कॅथलिक लग्नांत सगळ्यांसमोर ग्लास भरतात, मग आपणच का नाही, हा मुद्दा काढू नकोस. मुद्दा वाईट नाहीये, पण मग ती मीटिंग कॅथलिक-प्रोटेस्टंटवर जाईल आणि तुझा प्रश्न राहील बाजूला.