वाचकांचे प्रश्न : शंभूला जाळी नको, भिंत पाहिजे

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही नागपूरला मनीष नगरमध्ये राहतो. आमच्याकडे सुलकाटा जातीचं कासव आहे, शंभू नाव ठेवलंय, ह्यांच्या मित्राची बदली झाली तेव्हा तो देऊन गेला. आता तीन वर्षांचा असेल, वजन दोन किलोच्या वर. हॉलमध्ये फिरून राहतो दिवसभर, सोफ्याखाली घुसतो, फरशीवर पाय घसरतात त्याचे. म्हणून घरामागची बारा बाय वीसची जागा त्याला द्यायची ठरवली. हे म्हणतात चेनलिंकची जाळी लावू, स्वस्तात होते. मामाजी म्हणतात टिनाचं शेड टाकून द्या म्हणजे झालं. शेजारी दोन मांजरी आहेत, रात्री मुंगूस पण दिसतो. मागच्या महिन्यात शंभू गेटखालून निघून थेट तिसऱ्या घराच्या कूलरमागे सापडला. काय करावं?

उत्तर : ताई, आधी कागदपत्रांचं बघा. सुलकाटा आफ्रिकेतलं कासव, विदेशी प्रजाती, त्यामुळे ते केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेलं पाहिजे, आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. मित्राने नोंदणी केली होती का ते विचारा, आणि नसेल तर सिव्हिल लाइन्सला वनभवन आहे, तिथे जाऊन सरळ विचारून घ्या. लोक घाबरून लपवतात, मग जास्त गोंधळ होतो.

आता जाळी. तुमच्या ह्यांना सांगा, जाळी माणसासाठी ठीक आहे, कासवासाठी नाही. कारण कासवाला जाळीपलीकडचं दिसतं आणि जे दिसतं तिकडे जाता येत नाही हे त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. मग ते दिवसभर त्याच एका जागी नाक घासत बसतं, पुढचे पाय सोलून निघतात. त्यात जाळी म्हणजे त्याच्यासाठी शिडीच, दोन पाय अडकवून वर चढतं आणि धाडकन पाठीवर पडतं. उलटं पडलेलं कासव आणि वरून नागपूरचं मे महिन्याचं ऊन, यात काही फार वेळ लागत नाही. माझ्याकडे एकदा दुपारी अडीचला असंच एक कासव आणलं होतं, घरचे जेवून झोपले होते, वाचवता आलं नाही. तेव्हापासून कोणी जाळी म्हटलं की मी पहिले हेच सांगतो.

म्हणून भिंत बांधा, आरपार न दिसणारी. राखेच्या विटांची चालेल, आत्ता दीड फूट उंची पुरते पण दोन-अडीच फूटच करा, परत गवंडी कोण बोलावतं. खरा खर्च जमिनीखाली आहे. हे कासव मूळचं सहाराच्या दक्षिण कडेच्या कोरड्या पट्ट्यातलं, तिकडे ते ऊन टाळायला कित्येक फूट लांब बिळं खणतं, आणि ही सवय मनीष नगरला आलं म्हणून सुटत नाही. पाया निदान दोन फूट खाली न्या. आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगून भिंतीला तडे, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, आणि आतली वरची काळी माती काढून मुरूम आणि साधी माती मिसळून भरायची. एका बाजूला फूटभर उंच टेकाड करा, आपल्याकडे पाऊस सुरू झाला की थांबत नाही, सगळं अंगण तळं झालं तरी त्याला कोरडं बसायला जागा पाहिजे. ओल्या थंड जागेत बसून राहिलं की नाकातून बुडबुडे येतात, तो न्यूमोनिया समजा, लगेच दाखवायला आणा. भिंतीचे कोपरे चौकोनी ठेवू नका, गोलसर करा, कासवं कोपऱ्यातच घुसतात, उकरतात आणि तिथेच चढायचा प्रयत्न करतात. गेटला खाली फट नको, उंबरठा सिमेंटचा. आत रचलेले दगड, पायऱ्या, शोभेच्या कुंड्या काही नको, पडायला निमित्त असतं.

आता मामाजींचं टिनाचं शेड. त्यांचा मान राखून सांगतो, टिन नको. मामाजी तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, कूलरसमोर बसून काढतील, शंभूला उठून कूलर लावता येत नाही. २०२४ च्या मेमध्ये नागपुरात ५६ डिग्रीची बातमी आली होती आठवतं ना, ती सेन्सर बिघडल्याची निघाली, पण पंचेचाळीसच्या आसपास तर आपल्याकडे नेहमीचंच आहे आणि टिनाखाली त्याहून जास्त. कासवाचं अंग बाहेरच्या हवेबरोबर तापतं, घाम येत नाही, त्याच्याकडे मुख्य उपाय एकच, गार जागी सरकणं. ती गार जागा आपण द्यायची. मोठा सिमेंटचा पाइप, कासवाला आत फिरून तोंड बाहेर करता येईल एवढा, अर्धा जमिनीत पुरा, वर फूटभर माती टाका आणि ओली गोणपाटं. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. आत थर्मामीटर ठेवून एक दुपार बघा, छत्तीसच्या वर जाऊ लागलं तर माती वाढवा. ग्रीन नेट लावाच, पण अर्ध्याच भागावर, सगळं झाकू नका, कारण कवच पक्कं व्हायला ऊन अंगावर थेट पडावं लागतं, काचेतून आलेलं चालत नाही, म्हणून हॉलच्या खिडकीतलं ऊन तसं बिनकामाचंच होतं. मे महिन्यात सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर बाहेर, बाकी वेळ त्याला त्याच्या पाइपात राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत उलटं. कासव हिवाळ्यात झोपतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण सुलकाटा झोपत नाही, ते झोपेच्या देशातलंच नाही. रात्री पारा पंधराच्या खाली गेला की घरात घ्या, नाहीतर पाइपात सिरॅमिक हीटर लावा, वायर भिंतीवरून जाऊ द्या.

पाणी मातीच्या पसरट थाळीत, हनुवटीपर्यंत बुडेल एवढंच, सिमेंटचं टाकं बनवू नका, ते बुडतं. सावलीत एक चिखलाची जागा ठेवली तर उन्हाळ्यात तिथेच लोळतं.

मांजर मोठ्या कासवाला काही करत नाही, पण शंभू अजून दोन किलोचा, मुंगूस आणि रात्रीच्या घुशी जास्त धोक्याच्या, घुशी पाय कुरतडतात, कुत्रा तर चावून कवचही फोडतो. वरून मजबूत जाळी, वरून हं, बाजूने नाही, आणि रात्री पाइपाचं तोंड बंद. आणि भिंतीपलीकडून फेकलेल्या खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या रोज उचला, नागपुरात राहतो आपण, त्या पडणारच, आणि कासव ते खातं आणि आतडं बंद होतं. मी हे सांगितलं की लोक हसतात.

लागवडीला हरळी, जास्वंद, फड्या निवडुंग लावा, हे सगळं तो खाईल. कण्हेर, घाणेरी, धोतरा, रुई, बेशरम मात्र काढून टाका. आणि एक गोष्ट मनाशी बांधून ठेवा, हे कासव चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि सत्तर वर्षं जगू शकतं. बारा बाय वीस काही वर्षं चालेल, मग ते भिंतीला ढकलून बघेल. आतून लोखंडी अँगल टाकून घ्या आत्ताच.

प्रश्न : आमच्या काकांनी वास्तूसाठी म्हणून एक चांदण्यांच्या नक्षीचं कासव आणून दिलंय, छोटंसं. गच्चीवर त्याच्यासाठी कुंपण करायचं आहे, मापं सांगाल का?

उत्तर : मापं सांगत नाही, कारण ते तुम्ही ठेवूच शकत नाही. ते स्टार कासव दिसतंय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, पाळणं पण गुन्हा, विकत घेणं पण. परदेशात चोरून जाणारी कासवं हीच, म्हणून २०१९ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातही त्याला सगळ्यात वरच्या यादीत टाकलंय. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा किंवा सेमिनरी हिल्सला वन विभागाचं वन्यप्राण्यांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे कळवा. काकांनी रागवू नये, आणि कृपा करून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडून येऊ नका, हे जमिनीवरचं कासव आहे, पाण्यात बुडून मरेल, आणि सोडणंही बेकायदाच.

प्रश्न : आमच्या मुलाला वाटतं कासवाला संत्री फार आवडतात, रोज एक द्यायचा म्हणतो. देऊ का?

उत्तर : आवडतातच, तो खोटं बोलत नाही. पण गवत खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवाचं पोट गोड फळाने बिघडतं, जुलाब लागतात. नागपूरकर म्हणून मला वाईट वाटतं सांगताना, पण संत्री मुलानेच खावीत, कासवाला जास्वंदाचं फूल द्या.