नव्या घरामुळे जुनं घर पुसलं जातं का?

प्रश्न : घर बदलून दीड महिना झाला. नव्या घरात रात्री उठले की हात अजून दिव्याच्या बटणासाठी भलत्याच भिंतीवर जातो. परवा राहिलेलं सामान आणायला जुन्या घरी गेले, तर अंधारातही न अडखळता आतल्या खोलीपर्यंत पोचले. नवं घर डोक्यात बसलं की हे जुनं पुसलं जाणार का?

उत्तर : नव्या घरामुळे तरी नाही.

शिकाऊ संशोधक असताना मी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधली, म्हणजे मेंदूतल्या जागा लक्षात ठेवणाऱ्या भागातली, एक चेतापेशी स्पीकरवर ऐकली होती; तिचे विद्युत संकेत आवाजात बदलून. उंदीर खोक्यात हिंडतोय, स्पीकर गप्प. एका ठरावीक कोपऱ्यात तो शिरला की तडतड सुरू, बाहेर पडला की पुन्हा शांतता. हातातलं काम टाकून मी तासभर ऐकत बसलो. ही स्थानपेशी. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की या संशोधकांनी १९७१ मध्ये तिची पहिली नोंद केली. जागा ओळखीची असेल, तर दिवे मालवल्यावरही अशा बऱ्याच पेशी आपापल्या ठिकाणी तडतडतात.

उंदराला दुसऱ्या खोक्यात सोडलं की तीच पेशी भलतीकडेच बोलते, किंवा बोलतच नाही. म्हणून अशा पेशींच्या एकत्रित मांडणीसाठी ‘नकाशा’ हा शब्द मी जरा नाइलाजानेच वापरतो. कागदी नकाशात शेजारची गावं शेजारीच असतात. इथे मात्र लगतच्या दोन पेशी खोलीच्या दोन टोकांच्या असू शकतात आणि खोली बदलली की सगळी मांडणीच नव्याने होते.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर विल्सन आणि मॅकनॉटन या संशोधकांच्या १९९३ च्या प्रयोगात आहे. त्यांनी उंदरांच्या ७३ ते १४८ पेशी एकाच वेळी ऐकल्या. अनोळखी भागात सुरुवातीला पेशींचा सूर विस्कळीत होता, पण काही मिनिटांतच तो जुळू लागला. त्या वेळात इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशी मंदावल्या होत्या. नवं शिकायला जणू वाट मोकळी. आणि ओळखीच्या भागाच्या मांडणीला जवळजवळ धक्का लागला नाही.

मात्र जुनी मांडणी दगडावर कोरलेली असते, असंही समजू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना आठवडेच्या आठवडे एकाच जागी फिरवलं, तर कोणत्याही दोन दिवसांच्या नोंदींत सामाईक पेशी निघाल्या १५ ते २५ टक्के. गंमत म्हणजे उंदीर कुठे आहे हे ओळखायला तेवढ्याही पुरत होत्या.

राहिला तुमचा हात. त्याचा दोष हिप्पोकॅम्पसला देऊ नका. खोल्यांची रचना त्याने बहुधा पहिल्या काही दिवसांतच टिपली असेल. अर्धवट झोपेत बटणाकडे जाणारा हात ही सवय आहे. सवयी सांभाळणारा भाग वेगळा, त्याचं नाव स्ट्रायटम. तो सावकाश शिकतो आणि शिकलेलं सोडतोही सावकाशच.