जपानच्या 'कोडो' या ताइको (म्हणजे जपानी ढोल) पथकात वादक व्हायचं तर शिक्षण कसं असतं?

आधी दोन वर्षं सादो बेटावर राहायचं. १९८१ साली सुरू झालेल्या या पथकाचे उमेदवार तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत एकत्र राहतात. दिवसाची सुरुवात पळण्याने होते, ढोल नंतर. मोबाइल, टीव्ही, दारू, सिगारेट बंद. स्वयंपाक, झाडलोट, भातशेती सगळं स्वतःच करायचं. वाजवायच्या काठ्यासुद्धा, ज्यांना 'बाची' म्हणतात, लाकूड तासून स्वतः घडवायच्या. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या हाताने घडवलेल्या काठीचं वजन मनगटाला वेगळंच कळतं. सोबत बासरी, लोकगीतं, लोकनृत्यही शिकवतात. दोन वर्षांनी निवड होते. निवडलेल्यांनाही आणखी एक वर्ष तात्पुरते सदस्य म्हणूनच राहावं लागतं. त्यामुळे नुसता हात बसलाय म्हणून जाऊ नका, आधी पळायला लागा.