पाडवा ते आखाजी: मुलांना काय भेट द्यावी?

पाडवा आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलांच्या हाती काय द्यावं, म्हणजे ती घराबाहेर पडतील, असं विचारणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतली काही इथे घेतो.

प्रश्न: भाचा दहा वर्षांचा आहे. रानपिंगळा (जंगलातलं छोटं घुबड) बघायचाच म्हणून दुर्बिणीसाठी हट्ट धरून बसलाय. कोणती घ्यावी? (एक मावशी, शहादा)

ताई, दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसाला ८×४२ उत्तम, पण दहा वर्षांच्या मानेला जड. ८×३२ किंवा ८×२५ घ्या. वीस पटीच्या मोहात पडू नका. हातात चित्र इतकं थरथरतं की पाखरू सापडतच नाही. दुकानात भाच्याला सोबत न्या. मुलांचे डोळे आपल्यापेक्षा जवळजवळ असतात, दोन्ही नळ्या तेवढ्या जवळ येतात का ते बघा. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावा. डोळा कायमचा जाऊ शकतो.

रानपिंगळ्याचा हट्ट मला फार आवडला. शंभराहून जास्त वर्षं ज्याचा पत्ता नव्हता, जो नामशेष झाला असंच धरून चालले होते, तो पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये तुमच्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसाउजेडी वावरतो, त्यामुळे मुलालाही दिसू शकतो. मात्र जंगलात वनखात्याला विचारून आणि जाणत्या माणसाबरोबरच जा. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. तोवर गावातल्या साध्या पिंगळ्यावर नजर बसू द्या.

प्रश्न: आमची पोरं केळीच्या बागेतच वाढतात. त्यांना निसर्गाची वेगळी भेट कशाला? (एक शेतकरी, रावेर)

दादा, पोरं बागेत असतात, पण बहुतेकदा कामाला. निरखायला त्यांना सवड आणि साधन दोन्ही द्या. सोनार वापरतात तसलं दहा पटीचं घडीचं भिंग घ्या. ते डोळ्याला लावायचं आणि पान त्याच्याजवळ आणायचं. मावा पडलेल्या पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची एक अळी फिरताना दिसेल. ती ढालकिड्याची. ती मावा खाते, आणि आपण तिलाच कीड समजून चिरडतो. पोरानं हे एकदा भिंगाखाली पाहिलं की ते तुम्हालाच सांगेल.

केळफुलाजवळही त्यांना थांबू द्या. मधासाठी दिवसा शिंजीर येतात, रात्री वटवाघळं. गंमत अशी की आपल्या बागेतल्या केळीला फळ धरायला परागाची गरजच नसते. मग केळ्यात बी का नसतं, हे पोरांनाच शोधू द्या, लगेच उत्तर सांगू नका. भिंगासोबत एक कोरी, बिनरेघांची वही द्या. फवारणी झालेल्या बागेत मात्र पाठवू नका.

प्रश्न: जळगावात मार्चपासूनच चटका. फ्लॅटमधल्या सहा वर्षांच्या मुलीला बाहेर न्यायचं कधी? (एक आई)

सकाळी नऊच्या आत, नाहीतर रात्री. सकाळी मेहरूण तलावाची कड आहेच, पण मी म्हणेन, तिला एक चांगला टॉर्च द्या आणि रात्री गच्चीवर न्या. जुनी पांढरी चादर दोरीवर टाका, समोर दिवा लावा, अर्धा तास थांबा. पतंग आणि किडे येऊन बसतात, त्यांची चित्रं काढायला सांगा. मग दिवा बंद करून आकाश. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. चैत्री पौर्णिमेला चंद्र या चित्रेच्याच आसपास असतो, चैत्राचं नाव तिच्यावरूनच. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

प्रश्न: नातवाला पोपट हवाय. पिंजऱ्यासकट घेऊन द्यावा का? (आजोबा, धुळे)

नको, काका. आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मातीचं पसरट परळ द्या. नातवानं ते रोज घासून सावलीत पाण्यानं भरायचं. पोपट नाही तरी बुलबुल, साळुंक्या येतील, आणि त्या मोकळ्या असतील.

प्रश्न: आखाजीला बहीण मुलींना घेऊन माहेरी येते. भाच्यांना कपडे नेहमीचेच. दुसरं काही? (एक मामा, अमळनेर)

दोर द्या! आखाजीचा झोका अलीकडे लोखंडी स्टँडवर आणि अंगणातल्या फरशीवर आलाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जाड, नवा दोर आणा, आणि फांदी भाच्यांनाच निवडायला लावा. त्यासाठी त्यांना गावातली झाडं हिंडून बघावी लागतील. कडुनिंब किंवा चिंच चालेल. शेवगा आणि पांगारा नको, त्यांचं लाकूड ठिसूळ. फांदी हिरवी, आडवी, मांडीएवढी जाड हवी, आणि खाली मऊ माती. दोराखाली पोत्याचा तुकडा गुंडाळा, म्हणजे साल सोलवटत नाही. बांधल्यावर आधी तुम्ही स्वतः बसून चांगले हिसके देऊन बघा, आणि रोज सकाळी गाठ तपासा. फांदीवर घरटं असेल तर दुसरं झाड शोधा, आणि ते का, हे भाच्यांना घरटं लांबून दाखवूनच सांगा.