आमच्या भागातलं मोकळं मैदान बांधकामापासून वाचवण्यासाठी आम्ही रहिवासी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की मैदान बिल्डरच्या घशात जाणार अशी कुजबुज आहे आणि त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. ग्रुप काढलात, छान. पण ती जागा कोणाच्या नावावर आहे आणि कागदोपत्री तिची नोंद काय आहे, हे तुमच्या अख्ख्या प्रश्नात कुठेच नाही. मंजूर लेआउटमधली (म्हणजे कॉलनीचे प्लॉट पाडताना नकाशात मोकळी सोडलेली) ओपन स्पेस असेल तर लढाई वेगळी, विकास आराखड्यातलं (म्हणजे शहराच्या नियोजनाच्या नकाशात राखून ठेवलेलं) मैदानाचं आरक्षण असेल तर वेगळी, गायरान असेल तर आणखी तिसरीच. नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कशासाठी राखली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा घ्या, भूमी अभिलेखमधून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा, ती नसेल तर सातबारा. ते हातात येईपर्यंत ग्रुपवर काहीही बोललात तरी ती गप्पाष्टकंच.

दुसरं म्हणजे, बिल्डर बराच उशिरा येतो. मैदानाचा पहिला लचका आपणच तोडतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

आमच्या कॉलनीच्या मधोमध लेआउटची मोकळी जागा आहे. पोरं क्रिकेट खेळतात, सकाळी ज्येष्ठ मंडळी चकरा मारतात, गणपतीत मांडव पडतो. आमच्या सोसायटीचे तेव्हाचे चेअरमन, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांनी ठरवलं की तिथे सांस्कृतिक भवन हवं. लोकप्रतिनिधीचा निधी मिळत होता. अण्णांचा युक्तिवाद एकच, आणि तो अजूनही प्रत्येक कॉलनीत कोणीतरी करतंच: "रिकामी जागा ठेवली की कुणीतरी घुसतो. त्यापेक्षा आपणच बांधून टाकू, म्हणजे आपली राहील."

मी सभेत विचारलं, बांधून टाकल्यावर राहील काय? तर म्हणाले, वहिनी, तुम्हाला विकास नको का? टाळ्या त्यांना मिळाल्या.

मग मी नगररचना विभागात जाऊन आमच्या लेआउटचा मंजूर नकाशा बघायला मागितला. आधी कारकुनाने "साहेब नाहीत" केलं. माहिती अधिकाराचा अर्ज दिल्यावर साहेबही आले आणि नकाशाही आला. जुना, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. ओपन स्पेसवर हिरव्या तिरप्या रेघा, खाली क्षेत्रफळ आणि मंजुरीचा शिक्का. त्याच्या शेजारी भवनाचा प्रस्तावित नकाशा ठेवला. मधे हॉल, एका अंगाला स्वयंपाकघर आणि वधूवरांच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला जनरेटरची खोली, आणि चारही बाजूंनी पार्किंग. त्या कागदावर 'मैदान' म्हणून जे उरलं होतं ती गाड्या वळवायची पट्टी होती. सांस्कृतिक भवन कसलं, सरळसरळ मंगल कार्यालय होतं ते!

नियमावली अशा मोकळ्या जागेत बांधकामाला साफ मनाई करत नाही. थोड्या टक्क्यांपुरती मुभा आहे, तीही त्या जागेच्या वापराला पूरक अशा बांधकामाला. अण्णा सभेत ही मुभा छाती ठोकून सांगायचे, टक्के मात्र सांगायचे नाहीत. मी दोन्ही नकाशांवरची क्षेत्रफळं एका कागदावर मांडली, आधीच उभी असलेली पाण्याची टाकी आणि पत्र्याची शेड त्यात धरली, आणि त्या कागदाच्या झेरॉक्स घरोघर वाटल्या. भाषण केलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. आकडे वाचून आमच्या गल्लीतल्या बायकाच अण्णांकडे गेल्या.

हरकत देताना एक गोष्ट पाळली, ती तुम्हीही पाळा. एका निवेदनाखाली शंभर सह्या घेऊ नका. ती एकच हरकत होते, आणि शेवटच्या सह्या कोणाच्या हे कोणी बघतसुद्धा नाही. प्रत्येक घराचा वेगळा कागद, आपल्या भाषेत, आपल्या कारणासह, आणि प्रत्येकावर आवक शिक्का, म्हणजे कार्यालयाने कागद घेतल्याची खूण. आमच्या शेजारच्या आजींनी लिहिलं होतं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि रस्त्यावर कुत्री अंगावर येतात. ती सगळ्यात चांगली हरकत होती. फाइल परत गेली, निधी दुसऱ्या प्रभागात गेला, आणि मी कॉलनीच्या विकासाची वैरीण ठरले.

आता तुमच्याकडे येते. तुमचं मैदान विकास आराखड्यातलं आरक्षण असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम १२७ नीट वाचून घ्या. मैदानं खरी जातात ती इथे, आणि कसलाही आवाज न होता. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस, म्हणजे 'जागा ताब्यात घ्या' अशी नोटीस, बजावू शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस आहे. आणि 'पावलं' म्हणजे सभेत ठराव केला नि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडला, असं नाही. गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कागदी पावलांना पावलं मानलं नाही. म्हणून पालिकेत एकच प्रश्न लेखी विचारत राहा: या आरक्षणावर खरेदी नोटीस आली आहे का, कोणत्या तारखेला, आणि संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद किती? नोटीस येऊन वर्ष उलटलं असेल तर मानवी साखळीचे फोटो नंतर काढा, आधी तरतुदीच्या मागे लागा. मालक तयार असेल तर पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊनही जागा ताब्यात येते.

आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतींना महिन्याभराची मुदत असते. नवा आराखडा येतो तेव्हा कलम २६ खाली तीस दिवस, मोठ्या महापालिकांत साठ. या सूचना वर्तमानपत्रात 'नावात बदल' आणि 'हरवले आहे' यांच्या शेजारी बारीक टायपात छापून येतात. तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्या निवृत्त माणसाला रोज तेवढंच पान वाचायचं काम द्या. हरकतींनी काय होतं असं म्हणणाऱ्यांना मुंबईची आठवण करून द्या: २०१५ मध्ये प्रारूप आराखड्यातल्या चुका लोकांनी अशा काही बाहेर काढल्या की मुख्यमंत्र्यांना तो रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं.

सुनावणीत "तुमचा या जागेशी संबंध काय, तुम्ही मालक आहात का?" असं दरडावतील. मला विचारलं होतं. घाबरू नका. बंगळुरात बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दाद मागायचा हक्क मान्य करून ते वाटप रद्द ठरवलं. लखनौत तर बागेखाली भुयारी बाजार बांधून होत आला होता. १९९९ मध्ये तो पाडून बाग पूर्ववत करायचा आदेश झाला. पण हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले खटले आहेत. तुम्ही आधीच कागद लावलेत तर तिथवर जायची वेळच येऊ नये.

झाडं लावून मैदान वाचवू असं कोणीतरी सुचवेलच. कडेने लावा. मधोमध लावलीत तर पोरांचं खेळणं तुम्हीच बंद पाडलंत. मैदान वापरात ठेवा, रोज, संध्याकाळी, आरडाओरडा होऊ द्या. वापरातल्या जागेत कोणी घुसत नाही. अण्णांना मी हेच सांगत होते.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, इतर राज्यांचे कायदे वेगळे. मी वकील नाही, नोटिशीची तारीख जवळ आली असेल तर वकील गाठा. आणि आरक्षणाच्या जागेचा मालक म्हणजे लगेच खलनायक समजू नका. ना मोबदला, ना बांधायची परवानगी, अशी जमीन वीस-वीस वर्षं अडकून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. राग काढायचा तर तरतूद न करणाऱ्यांवर काढा.

अण्णांचे चिरंजीव इथे लिहितात, परवाही कुठेतरी म्हणाले की काही आडमुठ्या लोकांमुळे आमच्या कॉलनीला साधा हॉल नाही. दादा, दोन गल्ल्या सोडून ॲमिनिटीचा, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेला, भूखंड आहे. त्यावर आज गवत वाढलंय आणि कोणीतरी रेती टाकून ठेवलीय. तिथे हॉलची मागणी करणारा अर्ज तुम्ही लिहा. पहिली सही माझी, आणि आवक शिक्का मारून आणायचं कामही माझं.