विमाने होती, पेट्रोल आणि सराव नव्हता

१९४४ मध्ये जर्मनीने पूर्वी कधी नव्हती इतकी लढाऊ विमाने बांधली, तरी आकाश हातचे गेले. मग वैमानिकांनीच कच खाल्ली का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग तेव्हा आपल्याच वैमानिकांना भित्रे म्हणत होता आणि तो डाग अजून पुसला गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी इंधन बघा. १२ मे १९४४ रोजी अमेरिकी बॉम्बर विमाने लॉयना आणि इतर कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर तुटून पडली. एप्रिलमध्ये विमानांचे पेट्रोल सुमारे १,७५,००० टन निघाले होते. सप्टेंबरात ते १७,००० टनांच्या आसपास आले. सगळ्यात मोठी कात्री लागली प्रशिक्षणाला. नवा जर्मन वैमानिक ११० तासांच्या आसपास उडून लढाईत उतरे, अमेरिकी वैमानिक त्याच्या साधारण तिप्पट.

हे तास कमी पडले की काय होते, ते मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानावर कळते. तिच्या चाकांमधले अंतर जेमतेम २ मीटर. थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) एकदम उघडला की नाक डावीकडे ओढले जाते. म्हणून शेपटीचे चाक लॉक करायचे, जोर हळूहळू वाढवायचा, उजव्या पायाने रडर (शेपटीवरचे दिशा वळवणारे पाते) सांभाळायचा आणि शेपटी उचलायची घाई करायची नाही. यातले एक चुकले की पंख जमिनीला टेकतो नाहीतर चाकाचा पाय मोडतो. रडरचा ट्रिम, म्हणजे पाय न दाबता रडर हव्या कोनात धरून ठेवणारी जुळणी, कॉकपिटातून बदलता येत नाही, त्यामुळे वेगात पाय सतत दाबून धरावा लागतो. १०९ च्या जी-१४ या प्रकारात पाणी-मिथेनॉलचे मिश्रण सोडून १,८०० अश्वशक्तीपर्यंत जोर मिळे, पण सलग १० मिनिटेच. त्यात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण तुटपुंजे. हिवाळी ढगांत शिरलेली ही पोरे शत्रू दिसण्याआधीच मरत होती, आणि याचे मला फार वाईट वाटते.

मेसरश्मिट २६२ जेटनेही हे सुटले नाही. उष्णता सोसणाऱ्या धातूंच्या टंचाईमुळे तिचे जुमो ००४ इंजिन १० ते २५ तासच टिके. थ्रॉटल झटक्याने पुढे नेला की ते विझे किंवा पेट घेई. उतरताना जोर कमी केला की तो परत यायला वेळ लागे, आणि अमेरिकेची मस्टँग लढाऊ विमाने नेमकी तेव्हाच गाठत.

मनोधैर्य खचले होते, हे खरे. अमेरिकी वैमानिक ठरावीक तास उडून घरी जात. जर्मनांना मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत उडायचे होते. १ जानेवारी १९४५ रोजी दोस्तांच्या विमानतळांवर केलेल्या ‘बोडेनप्लाटे’ हल्ल्यात २०० हून अधिक वैमानिक मेले, बेपत्ता झाले किंवा पकडले गेले. त्यांत जुने, मुरलेले तुकडीप्रमुखही होते. गुप्ततेपायी स्वतःच्याच विमानविरोधी तोफांना पुरती खबर दिलेली नव्हती, त्यांनीही काही विमाने पाडली.

म्हणून खरा राग वरच्यांवर होता. लढाऊ विमानांचा प्रमुख गालांड याला पदावरून काढल्यावर, जानेवारीतच, ल्युत्झोव्ह या अनुभवी वैमानिकाने साथीदारांसह गोअरिंगला समोरासमोर जाब विचारला. गोअरिंगने त्याला गोळ्या घालण्याची धमकी दिली आणि इटलीला धाडले. पुढे गालांड, ल्युत्झोव्ह आणि त्यांचा साथी स्टाइनहॉफ हेच लोक जेव्ही ४४ या जेट तुकडीत २६२ उडवत होते. १८ एप्रिलला स्टाइनहॉफ उड्डाणाच्या वेळीच भयंकर भाजला. २४ एप्रिलला ल्युत्झोव्ह मोहिमेवरून परतला नाही. भित्रे ठरवलेल्यांची ही नोंद आहे.