उघाडीचं दार

"मॅडम, झडप आवळली म्हणतात. म्हणजे पोरीचं हृदयच गेलं का हो?"

अलिबागच्या खारेपाटातलं कुटुंब. मुलगी 19 वर्षांची. जिना चढताना धाप लागते म्हणून इको केला, तर मायट्रल झडप अरुंद झालेली. आईचे डोळे थांबत नव्हते. वडील रिपोर्टची घडी उघडत होते, मिटत होते.

हाच प्रश्न मला फार जण विचारतात. मी म्हटलं, "काका, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तुमच्या बांधाला उघाडी आहे ना? भरतीला तिचं दार कोण लावतं?"

"कोण कशाला लावील? पाणीच लावतं. ओहोटीला आतलं पाणी उघडतं."

हृदयाच्या चारही झडपांचं तसंच. मागून रक्ताचा दाब वाढला की उघडतात, पुढून वाढला की मिटतात, दिवसाला लाखभर वेळा. मायट्रलला दोन पाकळ्या. त्या उलटू नयेत म्हणून बारीक दोऱ्यांनी खाली बांधलेल्या. दार नीट मिटलं नाही तर रक्त उलटं गळतं. हिचं पुरतं उघडत नाही, म्हणून रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं आणि धाप लागते.

"म्हणजे शेत शाबूत आहे, दार अडकलंय," काका म्हणाले. त्यांची घडी थांबली.

लहानपणी घसा दुखून ताप आला होता, मग गुडघे, घोटे सुजले होते. तो संधिवाताचा ताप. त्यानेच झडप आवळली. डॉक्टरांनी दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलेलं. बरं वाटलं म्हणून दोन वर्षांनी थांबवलं. आई स्वतःला दोष देऊ लागली. मी तिचा हात धरला. बरं दिसणाऱ्या मुलाला सुई टोचायला कुठल्या आईचं मन होतं? पण हे इंजेक्शन आवळलेली झडप सोडवत नाही, घशात त्याच जंतूला पुन्हा शिरकाव करू देत नाही, म्हणजे त्याच्याशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच झडपेवर पुन्हा उलटत नाही. आता डॉक्टरांनी ते परत सुरू केलंय.

मग हळूच, "लग्नाच्या वेळी सांगायचं का?"

सांगायचंच. गरोदरपणी रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते याच अरुंद दारातून जाणार. आधी तपासणी, गरज पडली तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करतात. वेळेवर उपचार घेऊन आई झालेल्या मुली मी पाहिल्यात.

इतका वेळ गप्प असलेली मुलगी मोबाइलवर दिवस मोजत होती. "पुढचं बरोबर शिमग्याला येतंय. आदल्या दिवशी घेतलं तर चालेल?"

"चालेल. उशीर मात्र नको."